मेडिकलवाल्याला विचारूनच दिली

‘मेडिकलवाल्याला इचारूनच दिली’ हे वाक्य मी अंबडच्या माझ्या दुकानात तीस-बत्तीस वर्षांत इतक्यांदा ऐकलं, की पुढे पुढे त्याचा राग यायचाही बंद झाला होता. औषध उलटलं, अंगावर पुरळ उठलं, पोट बिघडलं, की लोक डॉक्टरसमोर हे वाक्य टाकून मोकळे होतात. आम्ही ते हसण्यावारी नेतो. पण एकदा जालन्याच्या एका दवाखान्यात हेच वाक्य माझ्यासमोर, माझ्याकडे बोट करून म्हटलं गेलं, आणि ते खरं होतं. त्या दिवशी तापलेलं डोकं, दुकान मुलाच्या हवाली करून दोन वर्षं झाली तरी अजून निवलेलं नाही. संपादकांनी फोनवर गमतीचे अनुभव मागितले होते. गमती आहेत, सांगतोही. पण माणूस रागात आहे, हे वाचणाऱ्यानं आधीच समजून घ्यावं.

बाहेरच्यांना वाटतं, मेडिकलचं काम म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी वाचायची आणि कपाटातून डबी काढून द्यायची. चिठ्ठी घेऊन येतं कोण? निम्मं गिऱ्हाईक गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपचा तुकडा घेऊन येतं. त्या तुकड्यावर कधी औषधाच्या नावाची शेवटची दोन अक्षरं असतात, कधी नुसती कंपनीची रेघ. काउंटरवर तो तुकडा ठेवायचा आणि म्हणायचं, “हीच द्या, बराबर अशीच.” मग आम्ही कोणाला आहे, काय होतंय, कोणत्या डॉक्टरची, असं विचारत विचारत ओळख पटवायची. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मी स्ट्रिपच्या पाठीवर मार्करनं चित्र काढून द्यायचो. सकाळच्या गोळीवर सूर्य, रात्रीच्या गोळीवर चंद्र. बाजाराच्या दिवशी आठ-दहा खेड्यांत माझे चंद्र-सूर्य जायचे आणि मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

परतूरकडच्या एका खेड्यातले निवृत्त गुरुजी आमच्याकडून दम्याच्या कॅप्सूल न्यायचे. या कॅप्सूल पोटात घ्यायच्या नसतात. एका छोट्या यंत्रात घालून फोडायच्या आणि आतली पूड तोंडानं ओढून फुफ्फुसात न्यायची. चार महिन्यांनी गुरुजी धापा टाकत आले. मी विचारलं, “गुरुजी, यंत्र बराबर फिरवता ना?” गुरुजी म्हणाले, “कोणतं यंत्र?” ते चारही महिने कॅप्सूल कोमट पाण्याबरोबर गिळत होते. यंत्र त्यांच्या नातवानं खेळायला घेतलं होतं. वर म्हणाले, “दम काही कमी झाला न्हाई सलीमभाई, पण भूक चांगली लागून राह्यली.” मी हसलो आणि त्यांना स्टुलावर बसवून यंत्र कसं वापरायचं ते दाखवलं. त्यांना कॅप्सूल लिहून देणाऱ्या डॉक्टरला हे दाखवायला पाच मिनिटं नव्हती, याचा राग मला त्या वेळी यायला हवा होता. तो आला नाही.

दम्याचं थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. दम्यात श्वासाच्या नळ्या आतून सुजलेल्या असतात. धूळ, धूर, थंडी असं काही लागलं की त्या आवळतात आणि माणसाला श्वास पुरत नाही. त्यावर पंप दोन प्रकारचे. एक रोज घ्यायचा, तो सूज हळूहळू उतरवतो आणि पुन्हा चढू देत नाही. दुसरा अडचणीच्या वेळचा, तो आवळलेली नळी झटकन मोकळी करतो. रोजचा पंप म्हणजे रोजचा. बरं वाटलं म्हणून मनानंच सोडायचा नाही.

आणि आमच्याकडे नेमका तोच सोडतात. पंप लागला म्हणजे माणूस संपला, पंपाची सवय लागते, पंप हा शेवटचा इलाज, हे मी शिकलेल्या माणसांच्या तोंडूनसुद्धा ऐकलंय. गोळी चालते, कारण ती कोणाला दिसत नाही. पंप दिसतो. आणि मुलीच्या हातात पंप दिसला, की तिच्या लग्नाचं काय, हा पहिला प्रश्न. तिच्या श्वासाचं काय, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

आमच्या भागात सोयरीक जुळवताना मुलाकडची माणसं मुलीच्या गावात चौकशी करतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण ती मेडिकलवरही येतात, हे बाहेर कोणाला ठाऊक नसतं. खोकल्याच्या चार गोळ्या घ्यायच्या, पाणी मागायचं आणि हळूच विचारायचं, “त्या अमक्यांच्या घरी काही औषधपाणी चालू हाय का हो?” मी कधीच कोणाला काही सांगितलं नाही. झटक्याची गोळी नाही, साखर नाही, दमा नाही. “चांगलं घर आहे” एवढंच म्हणायचो. मेडिकलवाल्याचं तोंड बंद असावं लागतं, असं मी नव्या पोरांना शिकवायचो. त्याचाही मला अभिमान होता.

भगवानराव कोर्टाबाहेर टेबल टाकून टायपिंग करणारे. प्रतिज्ञापत्रं, अर्ज, खरेदीखतं. त्यांच्या थोरल्या मुलीला, सुवर्णाला, लहानपणापासून दमा. सातवीत असताना तिला पंप सुरू झाला आणि तो कसा ओढायचा ते मीच तिला शिकवलं. दहावीला हातात फोन आला तेव्हापासून ती मला मेसेज करायची, ‘चाचा, पंप संपला.’ मी काढून ठेवायचो, ती शाळेतून जाताना न्यायची. पुढे कॉलेजातून येताना. पोरगी कबड्डी खेळायची. रोजचा पंप घेऊन कबड्डी खेळणाऱ्या पोरीला आजारी म्हणणाऱ्यांना काय म्हणावं?

तिला कुंभार पिंपळगावचं स्थळ आलं. घरची शेती, मुलगा गणेश जालन्याला एमआयडीसीत बियाण्यांच्या कंपनीत. त्याचे चुलते चौकशीला दुकानात आले, खोकल्याच्या गोळ्या घेतल्या आणि नेहमीचा प्रश्न केला. मी नेहमीचं उत्तर दिलं. सोयरीक पक्की झाली.

साखरपुड्यानंतर एका बाजाराच्या दिवशी भगवानराव आले. काउंटरवर गर्दी. त्यांनी खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. आरोग्य पुरवणीतली बातमी, वर मोठा मथळा: कोलेस्टेरॉलची गोळी दम्यावर प्रभावी. भगवानरावांना स्वतःला कोलेस्टेरॉल होतं. ती गोळी ते माझ्याचकडून रोज रात्रीसाठी न्यायचे.

“सलीमभाई, हे खरं हाय का?” त्यांनी विचारलं.

मी कात्रण वाचलं. अशा अभ्यासांबद्दल मी आमच्या औषधविक्रेत्यांच्या सभेत ऐकलं होतं. ही गोळी रक्तातली चरबी कमी करायची. पण ती शरीरातली सूजही थोडी कमी करते असं दिसलं, म्हणून दम्यात तिचा उपयोग होईल का हे डॉक्टर लोक तपासून पाहतात. कुठे थोडा फायदा दिसतो, कुठे काहीच नाही. दम्याचं औषध म्हणून ती ठरलेली नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. पण समोर आठ-दहा माणसं उभी होती, आणि आपल्याला नवं काही माहीत आहे हे दाखवायची हौस मलाही आहे.

“हो, तसं संशोधन चालू आहे,” मी म्हणालो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलो.

माझं एवढंच बोलणं. वाचणाऱ्यानं लक्षात ठेवावं, मी ‘दे’ म्हणालो नाही. ‘देऊ नको’ असंही म्हणालो नाही.

पुढे मी रद्दीतून तो अंक शोधून काढला. बातमीच्या तळाला बारीक अक्षरात लिहिलं होतं, की ही गोळी नेहमीच्या औषधांच्या जोडीला देऊन पाहिली, अजून काही सिद्ध झालेलं नाही, आपल्या मनानं घेऊ नये. भगवानरावांची कात्री तिथवर पोचलीच नव्हती, कारण त्या ओळी शेजारच्या जाहिरातीखाली सरकल्या होत्या. मथळा बोटभर जाडीचा आणि माणसाला वाचवणारी ओळ मुंगीएवढी. तो मथळा लिहिणाऱ्याला मी ओळखत नाही. समोर आला तर त्याला एकदा दम लागलेलं माणूस दाखवायची माझी इच्छा आहे. जन्मभर दुसऱ्याचे कागद टाइप करणाऱ्या माणसाचा छापलेल्या अक्षरावर विश्वास बसला, यात त्याला एकट्याला दोष देऊन मला सुटता येत नाही.

लग्न उन्हाळ्यात झालं. त्यानंतर भगवानराव महिन्याला दुप्पट गोळ्या न्यायला लागले. मी विचारलं, तर म्हणाले, “घरातबी लागतात.” मला वाटलं, वहिनींनाही कोलेस्टेरॉल निघालं असेल. मी दोन्ही स्ट्रिपांवर चंद्र काढून दिला. आणि सुवर्णाचा पंप बंद झाला. ना मेसेज, ना कोणी न्यायला आलं. मला वाटलं, सासरी गेली, तिकडे घेत असेल.

खरं काय होतं ते नंतर कळलं. भगवानरावांनी तिचा पंप घरीच काढून घेतला होता. “सासरी पंप दिसाया नको. ही गोळी खा, मेडिकलवाल्याला इचारलंय,” असं तिला सांगितलं. सासरच्यांना सांगितलं, पोरीला अशक्तपणा आहे, ताकदीची गोळी आहे. पावसाळ्यात तिला धाप लागायला लागली. तिनं आईला फोनवर सांगितलं, तर बापानं उत्तर दिलं, “कोर्स पूरा होऊ दे.” कसला कोर्स? कोणत्या पुस्तकात लिहिलाय?

आमच्याकडे वेचलेला कापूस भाव वाढेपर्यंत घरातच साठवतात. एखादी खोली छतापर्यंत भरते. सुवर्णाची झोपायची खोली त्या खोलीला लागून होती. जानेवारीत एका सकाळी कापूस टेम्पोत भरायला काढला. कापूस काढताना जी धूळ आणि तंतू उडतात, ते निरोगी माणसाच्याही नाकातोंडात जातात. तिच्या नळ्या तर सहा महिने सुजतच चालल्या होत्या. दहा वाजता ती अंगणात खाली बसली, ती उठलीच नाही. गावातल्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं आणि ताबडतोब जालन्याला न्या म्हणून सांगितलं.

मला भगवानरावांचा फोन आला तेव्हा त्यांना धड बोलता येत नव्हतं. “सलीमभाई, सुवर्णाला घिऊन निघाल्यात. जीप अंबडवरून जाणार हाय. पंप घिऊन रोडवर या. जल्दी.”

मी अडचणीच्या वेळचा पंप आणि त्याला लावायची प्लास्टिकची नळी घेऊन जालना रोडला पळालो. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, चप्पल एका पायातली रस्त्यातच राहिली. जीप थांबली, मी मागे चढलो. सुवर्णा सासूच्या अंगावर रेलली होती. ओठ निळसर. मानेची कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. तिनं मला पाहिलं आणि दोन श्वास घेऊन दोन शब्द बोलली, “चाचा... पंप.”

मी नळी तोंडाला लावली, एकेक करून फवारे देत गेलो. जीप धावत होती. तिची सासू, रुक्मिणबाई, घाबरून बोलत होत्या. “अवो, तिला तं गोळी चालू हाय. ताकदीची. तिच्या बापानं दिलेली. रोज रातच्याला मी सोता देते, एक दिस चुकू दिला न्हाई म्या.” आणि त्यांनी कमरेच्या पिशवीतून स्ट्रिप काढून मला दाखवली. पाठीवर चंद्र होता. माझ्या हातचा.

त्यानंतर दवाखाना येईपर्यंत मी फवारे मोजत राहिलो.

दवाखान्यात तिला आत नेलं, ऑक्सिजन लावला. गणेश कंपनीतून पळत आला, भगवानराव मोटारसायकलवर आले, ते चुलतेही आले. थोड्या वेळानं एक तरुण डॉक्टरीण बाहेर आल्या. रोजचं औषध काय चालू होतं, असं त्यांनी विचारलं. रुक्मिणबाईंनी स्ट्रिप पुढे केली. डॉक्टरीणबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली.

“ही दम्याची गोळी नाही. ही कोलेस्टेरॉलची आहे. हिला कोणी दिली?”

भगवानरावांनी माझ्याकडे बोट केलं. “मेडिकलवाल्याला इचारूनच दिली.”

चुलते लगेच उसळले. “दमा? पोरीला दमा हाय? अहो मी सोता चौकशी केल्ती. ह्यालाच इचारलं व्हतं, मेडिकलवाल्याला! फसवणूक झाली आमची.”

“भाऊजी, गप बसा,” रुक्मिणबाई ओरडल्या. “पोरगी आत तडफडून राह्यली अन् तुमाला चौकशी सुचून राह्यली. दमा हाय तं हाय. आमी काय तिचा पंप खाल्ला असता?” मग त्या भगवानरावांकडे वळल्या. “तुमी माझ्या हातानं माझ्या सुनंला काय चारलं वो?”

भगवानराव भिंतीला टेकून खाली बसले.

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. “तुम्ही फार्मासिस्ट आहात?”

“हो.”

“तिला तिसरा महिना आहे. या दिवसांत ही गोळी सहसा देत नाहीत, हे माहीत आहे ना?”

“माहीत आहे.”

“आणि रोजचा पंप या दिवसांतही चालतो, तो बंद करायचा नसतो, हेही माहीत आहे?”

“माहीत आहे.”

मला वाटत होतं, त्यांनी चार शिव्या घालाव्यात. त्या वळून आत गेल्या.

सुवर्णा वाचली. तिसऱ्या दिवशी ती बसून चहा प्यायली. पंप पुन्हा सुरू झाला. पोटातल्या बाळाबद्दल मात्र डॉक्टर लगेच काही सांगू शकत नव्हते, पुढे तपासण्या करत राहू म्हणाले. ते सहा महिने भगवानरावांच्या घरात आणि माझ्याही घरात सगळ्यांनी कसे काढले ते लिहीत नाही. माझी बायको रोज विचारायची, “उस बच्ची का कुछ मालूम हुआ क्या?” मी जेवणावरून उठून जायचो.

या सहा महिन्यांत मी सगळ्यांवर चिडलो. मथळेवाल्यावर तर होतोच. ज्या पंपानं पोरगी कबड्डी खेळली त्या पंपाची लाज वाटून घेणाऱ्या बापावर चिडलो. खोकल्याच्या गोळ्या घेऊन पोरींची मापं काढत फिरणाऱ्या चुलत्यांवर चिडलो. फोनवर तीच बातमी पुढे ढकलणाऱ्या माझ्याच नातेवाइकांशी भांडलो. औषध लिहून देतात पण कशाला आहे ते दोन वाक्यांत सांगत नाहीत, त्या डॉक्टरांना तर मी सभेत उभं राहून बोललो. लोक म्हणाले, सलीमभाईंचं वय झालं. झालं असेल. दम्याच्या माणसाला ‘पंप सोडा, ही गोळी घ्या’ असं कोणी सांगितलं, मग ते वर्तमानपत्र असो नाहीतर सख्खा भाऊ, तर त्याच्या तोंडावर विचारा, की दम लागला तर तू येणार आहेस का? संशोधन होतं, होऊ दे. उद्या त्यातून खरंच काही निघालं तर तुमचा डॉक्टर सांगेल, आणि तेही पंप सोडून नव्हे.

मुलगी झाली. चांगली, धडधाकट. डॉक्टरांनी सगळं तपासून पाहिलं तेव्हा माझ्या बायकोनं मोहल्ल्यात मिठाई वाटली.

दिवाळीच्या आधी सुवर्णा माहेरी आली तेव्हा दुकानात आली. माझा मुलगा काउंटरला होता, मी मागे खुर्चीत. तिनं लेकीला खांद्यावर घेतलं होतं. चार माणसांसमोर तिनं मोठ्यानं दम्याचा पंप मागितला. मुलानं सवयीनं वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतला, तर म्हणाली, “गुंडाळू नका, उघडाच द्या.” मला इतका आनंद झाला, की मी उठून बाळाला घ्यायला हात पुढे केले.

तिनं बाळ दिलं नाही.

“चाचा, एक इचारायचं व्हतं.”

“बोल बेटा.”

“पप्पांनी कात्रण दाखवलं तवा तुमी व्हय म्हणले. आमच्या चुलत सासऱ्यांनी इचारलं तवा चांगलं घर हाय म्हणले. ते सगळे तुमाला इचारून गेले. मी सातवीपासून तुमच्याकडून पंप नेत व्हते. तो बंद झाला. तुमी मला कामून न्हाई इचारलं?”

“बेटा, मला वाटलं, तू तिकडे घेत असशील...”

“माझा नंबर व्हता ना तुमच्याकडं?”

“होता.”

“मंग?”

ती पंप पर्समध्ये टाकून निघून गेली. ती रागानं गेली नाही, म्हणूनच ते जास्त लागलं. तिच्या त्या ‘मंग?’चं उत्तर लिहायचं ठरवूनच मी हा लेख लिहायला हो म्हणालो होतो. एवढी पानं झाली, सगळ्यांना बोलून झालं, उत्तर सापडलेलं नाही. फोन करायला मला एक मिनिट लागलं असतं. त्या पावसाळ्यात दुपारी दुकानात गिऱ्हाईकसुद्धा नसायचं.